दोन रुपयांचा शेअर स्वस्त नसतो

२९ ऑक्टोबर २०२४ ला धनत्रयोदशी होती. त्या दिवशी मुंबई शेअर बाजारात एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून थेट २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. मग हिशेब मांडले गेले: दहा हजार रुपये लावले असते, तर आज जवळजवळ ६७ कोटी झाले असते.

गुणाकार बरोबर आहे, पण त्यातून सांगितली जाणारी गोष्ट पूर्ण खोटी आहे. ३ रुपये ५३ पैशांना तो शेअर कोणालाही मिळणार नव्हता. कंपनीचे एकूण शेअरच दोन लाख आणि त्यातले तीन चतुर्थांश प्रवर्तकांकडे. एशियन पेंट्सचे मोठ्या किमतीचे शेअर या कंपनीच्या ताब्यात असल्यामुळे तिचं पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी किंमत) शेअरमागे पाच लाखांच्या वर होतं. ज्यांच्याकडे ते शेअर होते त्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून विकायला कोणी येत नव्हतं. व्यवहारच होत नसल्याने कागदावरचा भाव वर्षानुवर्षं तीन रुपयांत अडकला होता. जून २०२४ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी खास लिलावाची सोय केली आणि त्या लिलावात पहिल्यांदा खऱ्याच्या जवळ जाणारा भाव निघाला. त्या दिवशी एक जुना, निरर्थक आकडा दुरुस्त झाला. त्यातून कोणा सामान्य माणसाच्या दहा हजारांचे कोट्यवधी झाले नाहीत आणि होऊही शकले नसते.

पण अशा हिशेबांचा उपयोग ठरलेला असतो. त्याच्या पुढच्या ओळीत ‘पुढचा असा शेअर आम्ही सांगतो’ हे येतं, आणि त्या ओळीवर विश्वास ठेवून कोणीतरी पगारातले उरलेले पाच हजार काढतो. मला ज्या प्रश्नावर बोलायचं आहे तो इथे सुरू होतो. थोडी रक्कम पेनी शेअरमध्ये, म्हणजे काही पैशांच्या किंवा दोन-चार रुपयांच्या शेअरमध्ये, टाकून झटपट वाढवणं हा गरिबाला वर येण्याचा मार्ग म्हणून विकला जातो. प्रत्यक्षात बाजारात सगळ्यात कमी ताकद असलेल्या माणसाच्या खिशातून पैसा काढण्याची ही एक घडी बसलेली व्यवस्था आहे. आणि पैसे बुडाल्यावर ‘लोभ केला, भोगा’ एवढं म्हणून आपण सगळे मोकळे होतो, हे मला मान्य नाही.

ज्याला आपण लोभी म्हणतो, त्याची बाजू आधी समजून घेऊ. चाकणच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार असो किंवा पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, त्यांच्याकडे बाजूला पडलेली रक्कम दहा-वीस हजारांची असते. सात टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले तर दहा हजारांवर वर्षाला सातशे रुपये मिळतात. सातशे रुपयांनी कोणाचंही आयुष्य बदलत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. ‘संयम ठेवा, दीर्घकाळ थांबा’ हा सल्ला देणाऱ्याकडे बहुतेक वेळा आधीच घर असतं, पगार असतो, आजारपणासाठी बाजूला काढलेले पैसे असतात. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याला लवकर काहीतरी घडायला हवं असतं. ही निकड आहे आणि तिला लोभ म्हणणं अन्यायाचं आहे. ही निकड नेमकी ओळखूनच जाळं विणलं जातं.

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती, म्हणजे शेअर ठेवायची खाती, होती. २०२५ मध्ये ती वीस कोटींपर्यंत पोहोचली. मोबाइलवर काही मिनिटांत खातं उघडतं. नव्याने आलेल्यांत तरुण मोठ्या संख्येने आहेत. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, शेअरमध्ये एका दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये १८ टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये ४८ टक्के झालं. आणि असे व्यवहार करणाऱ्या दर दहांपैकी सात जण तोट्यात होते. हा आकडा सगळ्या शेअरचा, मोठ्या कंपन्यांसकटचा. पेनी शेअरमध्ये तर विकू म्हटलं तरी विकता येत नाही, ही आणखी एक अडचण असते.

पहिला भ्रम भावाचा. ‘दोन रुपयांचा शेअर आहे, चार व्हायला काय लागतं?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं उत्तर नीट द्यायलाच हवं. शेअरचा भाव म्हणजे कंपनीची किंमत नव्हे. २०२५ च्या मध्यात व्होडाफोन आयडियाचा शेअर सात रुपयांच्या आसपास होता आणि एमआरएफचा लाखाच्या बराच वर. कोण स्वस्त? सरकारने आपल्या थकबाकीचं भागभांडवलात रूपांतर केल्यावर व्होडाफोन आयडियाचे शेअर झाले सुमारे १०,८०० कोटी, तर एमआरएफचे जेमतेम ४२ लाख. गुणाकार केला की दिसतं, ‘सात रुपयांची’ कंपनी बाजार ७५ हजार कोटींना तोलत होता, आणि ‘लाखाची’ कंपनी त्याहून कमी किमतीला. सात रुपयांचे चौदा व्हायचे तर बाजाराला त्या कंपनीत आणखी ७५ हजार कोटींची किंमत दिसायला हवी. हातात हजार शेअर आले म्हणून मालमत्ता मोठी होत नाही. तरीही हजार या आकड्याचं समाधान खोल असतं, आणि टिप देणाऱ्याला ते माहीत असतं.

व्होडाफोन आयडिया निदान प्रचंड उलाढालीची, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची कंपनी आहे. खरा धोका पंधरा-वीस कोटींच्या, कोणी नावही न ऐकलेल्या कंपन्यांत. तिथे काम कसं चालतं ते जरा सविस्तर पाहू, कारण ही यंत्रणा कळल्याशिवाय दोष कोणाचा हे कळत नाही.

कंपनीचे बाजारात फिरणारे शेअर आधी मूठभर खात्यांत गोळा केले जातात. ही खाती ओळखीच्यांची, नातेवाइकांची, कधी नुसती नाव वापरायला दिलेल्यांची. मग ती आपसातच खरेदी-विक्री करतात. रोज पाच टक्के वर, म्हणजे अप्पर सर्किट, एका दिवसात भाव चढू देण्याची कमाल मर्यादा. तिथे दिवसभर लॉक. रोज पाच टक्के म्हणजे पंधरा दिवसांत भाव दुप्पट. या काळात बाहेरच्या माणसाने खरेदीची ऑर्डर लावली तर ती रांगेत पडून राहते, कारण विकणारा कोणी नसतो. हा शेअर मिळतच नाही, ही भावनाच पुढचं काम करते. मग टेलिग्रामवर, यूट्यूबवर बातमी सुटते: मोठी ऑर्डर मिळाली, अमुक उद्योगसमूह विकत घेतोय, विलीनीकरण होणार. आणि एके सकाळी तुमची ऑर्डर पूर्ण होते. हवे तेवढे शेअर मिळतात. आनंद होतो. ज्या दिवशी ते शेअर सहज मिळाले, त्याच दिवशी गोळा करणाऱ्यांनी विकायला सुरुवात केलेली असते. तुम्ही ज्याला आपली खरेदी समजता, ती त्यांची सुटका असते.

त्यानंतर लोअर सर्किट, म्हणजे भाव उतरण्याची तशीच मर्यादा. आता विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा कोणी नाही. रोज पाच टक्के खाली गेलं तर वीस दिवसांत शंभराचे छत्तीस राहतात, आणि त्या वीस दिवसांत एकदाही तुमचा शेअर विकला जात नाही. स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक भावाखाली गेल्यास विकण्याचा आदेश, लावला होता म्हणून काही फरक पडत नाही. समोर खरेदीदारच नसेल तर तो आदेश कोणाशी जुळणार? याच वेळी गटावर सल्ला येतो, ‘घाबरू नका, अ‍ॅव्हरेज करा.’ म्हणजे पडलेल्या भावात आणखी शेअर घ्या, उरलेल्यांना बाहेर पडायला आणखी पैसे घाला.

हे कल्पनेतलं नाही. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीचं प्रकरण सेबीच्या आदेशांत तपशीलवार नोंदलेलं आहे. २०२२ च्या जुलै महिन्यात काही यूट्यूब वाहिन्यांवर या शेअरबद्दल खोट्या बातम्या देणारे व्हिडिओ आले. त्यातली एक बातमी अदानी समूह ही कंपनी विकत घेणार अशी होती. पैसे देऊन त्यांच्या जाहिराती चालवल्या गेल्या. कंपनीच्या छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली, आणि त्याच काळात आतले लोक विकून मोकळे झाले. सेबीचा अंतरिम आदेश आला मार्च २०२३ मध्ये, अंतिम आदेश मे २०२५ मध्ये. ५९ जणांवर बाजारबंदी आणि ५८ कोटींहून जास्त रकमेची वसुली. व्हिडिओला लाखो लोकांपर्यंत जायला काही दिवस पुरले. शिक्षेला तीन वर्षं लागली.

याआधी पेनी शेअरचा आणखी एक उपयोग होत होता आणि आजच्या अनेक मोहक आलेखांची मुळं त्यात आहेत. ३१ मार्च २०१८ पर्यंत बाजारात विकलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त होता. काळा पैसा पांढरा करायचा तर अशा कंपनीचे शेअर स्वस्तात घ्यायचे, वर्षभर भाव फुगवत न्यायचा आणि मग कागदी कंपनीच्या नावाने, आपल्याच काळ्या पैशाने ते आपल्याकडूनच विकत घ्यायचे. कलकत्त्यातल्या कितीतरी कागदी कंपन्या या धंद्यात नोंदल्या गेल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये ३३१ संशयित कंपन्यांच्या व्यवहारांवर निर्बंध आले. त्यात काही चालत्या कंपन्याही सापडल्या आणि त्यांना दाद मागावी लागली, हेही खरं. पण तीस पटीने चढलेला जुना आलेख पाहून ‘अशी संधी पुन्हा येईल’ असं म्हणणाऱ्या तरुणाला कोणी सांगत नाही की तो आलेख संधीचा नव्हता, करचोरीचा होता.

आता सुझलॉन. महाराष्ट्रात या विषयावर बोलताना सुझलॉन निघतोच, कारण कंपनी पुण्याची आणि ओळखीतल्या कोणाकडे तरी तो शेअर असतोच. जानेवारी २००८ मध्ये चारशेच्या वर असलेला हा शेअर मार्च २०२० मध्ये दोन रुपयांच्या आसपास आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ८० च्या पुढे गेला. ज्याने दोन रुपयांना घेऊन धरून ठेवला, त्याने खरोखर कमावलं. ते मी नाकारणार नाही. पण त्यामागे काय होतं? पवनचक्क्यांचे कारखाने होते, हजारो मेगावॉटची उभी यंत्रं होती, बँकांनी केलेली कर्जाची फेररचना होती, २०२२ मध्ये जुन्या भागधारकांना पाच रुपयांना देऊ केलेला हक्कभाग होता. ते काम भाव फुगवणाऱ्या कोणा ऑपरेटरच्या खात्यांचं नव्हतं. आणि चारशेला घेतलेला माणूस? तो अजूनही तोट्यातच आहे.

सुझलॉनच्या शेजारी दोन नावं ठेवायला हवीत. रिलायन्स कम्युनिकेशन्सही २००८ मध्ये ८०० च्या घरात होता. दोन रुपयांना ‘आता याहून खाली काय जाणार’ म्हणून ज्यांनी घेतला, ते आजही थांबलेले आहेत, कारण कंपनी २०१९ पासून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे. दुसरं नाव डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या, दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीचं. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने पिरामल समूहाची योजना मंजूर केली. त्या योजनेत जुन्या भागधारकांना शून्य मिळणार होतं. तरी ‘पिरामल आले’ एवढं ऐकून लोकांनी शेअर घेतले. काही दिवसांत व्यवहार थांबले आणि सोळा-सतरा रुपयांचा शेअर खात्यातून नाहीसा झाला. त्या शेअरचं काय होणार हे योजनेतच लिहिलेलं होतं. ते मराठीत, सोप्या वाक्यात, खरेदीचं बटण दाबण्याआधी कोणी दाखवलं नाही.

छोट्या रकमेवर खर्चाचाही भार जास्त पडतो. चाळीस पैशांच्या शेअरमध्ये भावाची सगळ्यात लहान पायरी एक पैसा, म्हणजे अडीच टक्के. ४१ पैशांना घेऊन ४० ला विकलात तर बाजार हललाही नाही आणि अडीच टक्के गेले. डिमॅट खात्यातून शेअर विकताना बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस रुपये डीपी शुल्क, म्हणजे खातं सांभाळणाऱ्या संस्थेचं शुल्क, लागतं. विक्री हजार रुपयांची असेल तर तेच दीड-दोन टक्के. वर काही गटांतल्या शेअरवर बाजार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त व्यवहारशुल्क घेतो. आणि एवढं करून नफा झालाच, तर वर्षाच्या आतल्या नफ्यावर जुलै २०२४ पासून २० टक्के कर.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे नामवंत गुंतवणूकदार राकेश झुनझुनवालांचे पाच हजार रुपये. १९८५ मध्ये पाच हजारांवर सुरुवात केली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांचा पहिला मोठा नफा टाटा टी या शेअरमधला होता. ४३ रुपयांना घेतलेला तो शेअर त्यांनी १४३ ला विकला. टाटा टी ही जुनी, नफ्यातली, चहाचे मळे असलेली कंपनी. त्यांनी अनोळखी पेनी शेअरवर डाव लावून पाया घातला नाही. शिवाय त्यांच्या हाताशी उसनं भांडवल होतं, घरात हिशेब शिकवणारं वातावरण होतं आणि स्वतः सनदी लेखापाल असल्याने ताळेबंद वाचता येत होता.

मग थोडे पैसे असलेल्याने करायचं काय? याचं उत्तर लोकांना निरस वाटतं, पण आकडे समोर ठेवून पाहा. वीस हजारांवर वर्षाला १५ टक्के मिळवले, जे भल्याभल्या फंड व्यवस्थापकांना सातत्याने जमत नाही, तर तीन हजार मिळतात. त्याच वीस हजारांत महिन्याला पाचशे रुपये घालत गेलात तर वर्षाला सहा हजारांची भर पडते. रक्कम लहान असताना परताव्यापेक्षा भर घालण्याची ताकद मोठी असते. परतावा महत्त्वाचा होतो तो रक्कम मोठी झाल्यावर. म्हणून त्या वयात, त्या परिस्थितीत सगळ्यात फायद्याची गुंतवणूक म्हणजे मिळकत वाढवणारं कौशल्य, आणि अडीअडचणीला सावकाराकडे जावं लागू नये एवढी बाजूला ठेवलेली रक्कम. वीस हजारांचे चाळीस झाले तरी परिस्थिती बदलत नाही, पण वीस हजार गेले तर पुढच्या आजारपणात कर्ज काढावं लागतं. इथे जिंकणं आणि हरणं यांचं वजन सारखं नाही. ‘थोडेच तर आहेत, गेले तर गेले’ हे वाक्य त्यांच्याच तोंडी शोभतं ज्यांच्याकडे आणखी आहेत.

स्वातंत्र्याचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. सज्ञान माणसाने आपले पैसे कुठे लावावेत हे सरकारने का ठरवावं? ठरवू नये. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालते आणि तिकीट घेणाऱ्याला आपण अडवत नाही. पण लॉटरीत बक्षीस किती आणि तिकिटं किती हे छापलेलं असतं, आणि तिकीट विकणारा सोडतीचा आकडा बदलू शकत नाही. पेनी शेअरमध्ये ज्याने टिप दिली त्याच्याच हातात शेअरचा भाव असू शकतो. समोर कोण आहे हे कळल्याशिवाय केलेल्या निवडीला मी स्वातंत्र्य म्हणू शकत नाही. म्हणून बंदी नको, माहिती हवी, आणि ती योग्य क्षणी हवी.

सेबीने काहीच केलं नाही असं नाही. २०१७ पासून संशयास्पद भाववाढीच्या शेअरवर श्रेणीबद्ध निगराणी आली, २०२३ मध्ये ५०० कोटींखालच्या कंपन्यांसाठी वेगळी निगराणी आली. २०२४ मध्ये नोंदणीकृत दलाल आणि संस्थांना बिगरनोंदणीकृत सल्लागारांशी संबंध ठेवायला मनाई झाली. जानेवारी २०२५ मध्ये तर ‘शिक्षण’ देणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत असंही सांगितलं गेलं. पण हे सगळं ज्या माणसासाठी केलं, त्याच्यापर्यंत ते कोणत्या रूपात पोहोचतं? अ‍ॅपवर शेअरच्या नावाशेजारी इंग्रजी आद्याक्षरांचा एक छोटा शिक्का दिसतो. टिप मात्र अस्खलित मराठीत येते. नगरच्या, सोलापूरच्या, जळगावच्या बोलीत ‘दादा’, ‘ताई’ म्हणत येते. फसवणारा आपल्या भाषेत बोलतो आणि वाचवणाऱ्याचे आदेश मुंबईतच बसून इंग्रजीत निघतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सेबीच्या कार्यालयाला हे बदलणं अवघड नाही. निगराणीतल्या शेअरची ऑर्डर देताना पडद्यावर मराठीत चार ओळी याव्यात: या कंपनीचे बाजारात खुले शेअर इतके, गेल्या महिन्यात इतके दिवस विकायला खरेदीदार नव्हते, प्रवर्तकांनी इतके शेअर विकले किंवा तारण ठेवले, कंपनीची विक्री इतकी. ही सगळी माहिती बाजारांकडे आणि शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या डिपॉझिटरींकडे आजही आहे.

आणि दुसरी गोष्ट पैशांची. गैरमार्गाने कमावलेली रक्कम सेबी वसूल करते तेव्हा ती सामान्यतः गुंतवणूकदार संरक्षण आणि शिक्षण निधीत जमा होते. ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्या हाती बहुधा काही लागत नाही. हे अशक्य आहे असं कोणी सांगू नये. २००३ ते २००५ मधल्या आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री) घोटाळ्यात ज्यांचा हक्काचा वाटा हिरावला गेला होता, त्या लाखो अर्जदारांना न्यायमूर्ती वाधवा समितीच्या शिफारशींनुसार २०१० मध्ये सेबीने पैसे वाटलेले आहेत. तेव्हाच्या तुलनेत आज प्रत्येक व्यवहार पॅन क्रमांकाशी जोडलेला आहे. व्हिडिओ आल्यानंतर साधनाचे शेअर कोणी, किती, कोणत्या तारखेला, कोणत्या भावाने घेतले याची नोंद ओळीने उपलब्ध आहे. वसुलीचा प्रत्येक रुपया आधी त्या खात्यांत जायला हवा, आणि सेबीच्या पुढच्या प्रत्येक अशा आदेशात परतफेडीची तारीखही लिहिलेली असायला हवी.